कोपऱ्यातला कडुनिंब

जमीन द्यायला तारामतीबाईंची ना नव्हती. त्यांची एकच अट होती, आणि ती ऐकल्यावर प्लॉट पाडून विकणारा वेंचरवाला माणूस सोफ्यावर सैल होऊन बसला आणि त्याने चहाचा दुसरा कप मागितला. त्याला वाटलं होतं, बाई कोपऱ्यावरचा प्लॉट मागणार. बाईंनी कोपऱ्यातलं झाड मागितलं.

"कडुनिंबच ना, अम्मा? रखेंगे. उसके आजूबाजू चिल्ड्रन्स पार्क डाल देंगे," तो म्हणाला आणि त्याने नकाशावर हिरव्या पेनने एक गोल काढला.

तारामतीबाईंनी त्या गोलाकडे बराच वेळ पाहिलं. मग सही केली.

कीसऱ्याच्या रस्त्याला, मोठा रस्ता सोडून आत गेलं की ती जमीन. कागदावर शेत, पण कित्येक वर्षांत तिथे कोणी नांगर घातला नव्हता. सासरे नामदेवराव, घरातले अण्णा, होते तोवर आंबे बाजारात जायचे. ते गेल्यावर आंब्यांनी आपलं आपण बघितलं, आणि मधल्या जागेत सीताफळ, करंज, सुबाभूळ असं वाटेल ते माजलं. महिन्यातून एखाद्या रविवारी बरकतपुऱ्यातल्या घरून सगळे गाडीने जायचे. यजमान हणमंतराव कुंपण बघायचे. मुलगा रितेश लहानपणी सीताफळं शोधायचा, मोठेपणी मोबाइलची रेंज. आणि तारामतीबाई पार टोकाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाला तांब्याभर पाणी घालून त्याच्या बुंध्याशी थोडा वेळ बसायच्या. त्यांना कोणी हाक मारायचं नाही.

त्यांचं पहिलं लेकरू त्या झाडाखाली होतं.

मुलगी. बारशाआधीच गेली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात, आणि ते काम पुरुषांचं. बाळंतीण खोलीच्या बाहेर येत नाही. नामदेवरावांनी तिला धुतलेल्या धोतरात गुंडाळून नेलं, हणमंतराव कुदळ घेऊन मागे गेले. इकडे सासूबाईंनी, सुशीलाबाईंनी, मोगऱ्याची फुलं मागवली, सुनेच्या छातीवर पसरली आणि वरून पातळाची पट्टी करकचून बांधली. दूध आटावं म्हणून. शेजारच्या तेलुगू बाईने सांगितलेला उपाय. फुलं काळी पडेपर्यंत दूध आटलं खरं. तेव्हापासून तारामतीबाईंनी केसांत मोगरा माळला नाही. आणि ज्या शहरात संध्याकाळी दर वळणावर हाताने मापून मोगरा विकतात, तिथे हे पाळणं सोपं नाही.

पट्टी बांधलेल्या अवस्थेतच त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "कुठे ठेवलं?"

"कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली," हणमंतराव भिंतीकडे बघून म्हणाले होते.

त्यावर दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पुढे रितेश झाला, वाढला, हायटेक सिटीत कामाला लागला, आणि मराठी फक्त आईशी आणि तीही वाद घालताना बोलू लागला.

संक्रांत झाली आणि झाडांचं कटिंग सुरू झालं. तारामतीबाई म्हणाल्या, मी रोज तिथे जाऊन बसणार.

"आई, झाडाला रिबन बांधली त्यांनी. रेड कलरची. मार्क है वो. तू कशाला धूपमध्ये बसते?"

"तुझ्या शाळेच्या बॅगेलाही मी रिबन बांधायची. किती बॅगा परत आल्या?"

रितेशने दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या गाडीत टाकून दिल्या.

कापणाऱ्यांचा मुकादम खाजा नावाचा उंच, वाकलेला माणूस होता. त्याच्याकडे दोन मशिनी. जुनीला तो बुढिया म्हणायचा आणि नवीला दुल्हन.

"मग घरात कोण आहे?" तारामतीबाईंनी विचारलं.

"घर में है ना अम्मा, दोनों से ज्यादा आवाज वाली."

त्यांना हसू आलं. माणूस बरा होता. झाडाभोवती एक फेरी मारायचा, वर बघायचा, कुठल्या अंगाला पडेल ते ठरवायचा. त्या अंगाला आधी एक खाच घ्यायचा, मग मागच्या बाजूने मशीन घालायचा. बुंधा कडकडला की मशीन घेऊन झपाझप मागे. झाड पडलं की भुशाचा ढग खाली बसायचा, आणि जिथे इतकी वर्षं सावली होती तिथे एकदम उजेड पडायचा. त्या उजेडाची तारामतीबाईंना काही सवय होईना. हणमंतराव शिळा पेपर तोंडासमोर धरून बसायचे. पान उलटायचं विसरायचे.

पहिल्याच दिवशी दुपारी तारामतीबाईंना छातीत जड वाटलं. या वयात छातीत जड वाटलं की माणूस आधी हृदयाचा विचार करतो. पण हे जडपण डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखं होतं. हात धुवायला त्या जमिनीच्या मधोमध असलेल्या जुन्या विहिरीकडे गेल्या तेव्हा ते वाढलं. परत येऊन कडुनिंबाखाली बसल्या तेव्हा ओसरलं. ब्लाउज ओला झाला होता. ऊन फार आहे, त्या मनाशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मागच्या गॅलरीत गेल्या तर भिंतीवरून मुंग्यांची रांग चढत होती. खिळ्यावरून दोरीवर, दोरीवरून थेट त्यांच्या ब्लाउजवर. शेजारी हणमंतरावांचा घामाने खारावलेला शर्ट होता, त्याला एकही मुंगी नव्हती. ब्लाउजवर त्या दोनच जागी गोळा झाल्या होत्या. तिथे कापड खळ घातल्यासारखं ताठ झालं होतं.

तारामतीबाईंनी ब्लाउज उकळत्या पाण्यात बुचकळून काढला. साठीला टेकलेल्या बाईने हे कोणाला सांगायचं, आणि कोणत्या शब्दांत?

शेवटी त्या हिमायतनगरच्या एका डॉक्टरणीकडे गेल्या. हणमंतरावांना सांगितलं, बीपी. ते बाहेर बाकावर बसले. डॉक्टरीण पस्तिशीची होती. पस्तिशीची कुठलीही बाई दिसली की तारामतीबाई तिच्या हनुवटीकडे, बोटांकडे बघायच्या. ही त्यांची जुनी खोड होती आणि त्याबद्दल त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तपासण्या झाल्या. सोनोग्राफी झाली. सगळं स्वच्छ.

"आंटी, तुम्ही कोणत्या गोळ्या घेता?" डॉक्टरणीने तिसऱ्यांदा विचारलं.

"सांगितलं ना, थायरॉइडची आणि कॅल्शियमची."

"मग हे मला समजत नाही." ती रिपोर्टकडे बघत राहिली. "हे दूधच आहे. आणि जुनं, साठून राहिलेलं असतं तसं नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत येतं तसं आहे, दाट, पिवळसर. घरात कोणी बाळंतीण नाही ना? सॅम्पल बदललं असेल."

"असेल," तारामतीबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर हणमंतरावांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"मीठ कमी खा म्हणाली."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खुर्चीवर होत्या. पदराआड जुन्या धोतराच्या घड्या ठेवल्या होत्या. आंबे संपत आले होते. कुंपणापलीकडचा टॉवर आता इथून दिसायला लागला होता. कडुनिंब रिबन बांधून एकटा उभा होता, एखाद्या समारंभात चुकून शिरलेल्या माणसासारखा. त्याच्याकडे बघून तारामतीबाईंना बरं वाटायला हवं होतं. तसं ते वाटत नव्हतं.

दुपारी कधीतरी विहिरीच्या बाजूने दुल्हनचा आवाज सुरू झाला.

तारामतीबाई फ्लास्कचं झाकण उघडत होत्या. झाकण हातातून पडलं. छातीत आतून, कोणीतरी तोंड लावल्यासारखी कळ उठली. जिने पाजलंय तिलाच ती कळ ओळखता येते. धोतराच्या घड्या क्षणात भिजल्या, ब्लाउज भिजला, पदर भिजला.

त्या उठल्या.

"अगं, कुठे?" हणमंतराव म्हणाले.

त्या विहिरीकडे चालू लागल्या. पडलेल्या फांद्या ओलांडत, भुशातून. प्रत्येक पावलाला दूध वाढत होतं. मध्ये एकदा त्या वाट चुकून डावीकडे गेल्या तर ते मंदावलं. त्या पुन्हा उजवीकडे वळल्या.

विहिरीच्या काठाला चिंच होती. जुनी, दोघांच्या कवेत न मावणारी. खाजाने पुढची खाच घेऊन झाली होती आणि तो मागच्या बाजूने मशीन घालून अर्ध्याच्या वर आला होता.

तारामतीबाईंनी हात वर केला. खाजाने बघितलं, मशीन बंद केली.

एकाएकी सगळं गप्प झालं.

त्यांनी बुंध्याला हात लावला.

"अम्मा, पीछे हटो. पीछे हटो अम्मा."

"हे नको पाडू. हे राहू दे."

"कौनसा?"

"ही चिंच."

खाजाने कपाळावरचा भुसा पुसला. तो चिडला नाही. "आधे से ज्यादा कट गयी अम्मा. अब नहीं ठैरती. हवा आयी तो अपने आप गिरेगी, किसके उपर गिरेगी मालूम नहीं. पहले बोलना था ना."

पहले बोलना था. तारामतीबाई वळल्या. हणमंतराव मागून आले होते, पण दूरच थांबले होते, सावलीच्या रेषेबाहेर. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या सगळ्या जमिनीत सगळ्यात गार सावली या चिंचेची, पण इतक्या वर्षांत हा माणूस कधी हिच्याखाली बसलेला आपण पाहिला नाही. डबा खायलासुद्धा नाही.

"अहो."

हणमंतराव खाली बघत होते.

"अण्णा म्हणाले होते," ते सावकाश बोलले, "आईला जागा सांगायची नाही. ती तिथेच घुटमळत राहते, मग पुढचं लेकरू टिकत नाही. भलतं झाड सांग म्हणाले. मी कडुनिंब सांगितला. तू पाणी घालायला लागलीस." ते थांबले. "इतकी वर्षं घातलंस, की मलाही वाटायला लागलं, असेल तिथेच."



वरती कुठेतरी लाकूड कुरकुरलं. अगदी बारीक.

"अम्मा," खाजा म्हणाला. "बोलो. क्या करना?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मुलीच्या जाण्यात त्यांना कोणी पहिल्यांदाच काही विचारत होतं.

"पाड," त्या म्हणाल्या. "पण हळू पाड."

झाडाला हळू पडता येत नाही, हे खाजाने सांगितलं नाही. त्याने मान हलवली.

चिंच पडली.

धूळ बसल्यावर तारामतीबाई खोडाच्या बुडख्याशी जाऊन बसल्या आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागल्या. कोणी त्यांना अडवलं नाही. माती सुटी होती, कोरडी. कोपरापर्यंत हात गेला तरी नुसती मुळं लागत होती. आणि छाती शांत होती. जशी रोज कडुनिंबाखाली असायची तशीच, एखाद्या म्हाताऱ्या बाईची रिकामी छाती. तिथे, त्या मातीत, काहीही नव्हतं.

संध्याकाळी रितेश गाडी घेऊन आला. आईची नखं बघून त्याने गाडीतली पाण्याची बाटली पुढे केली. घरी परतताना रस्त्यात पुढे लाकडाची लॉरी होती, तिला ओलांडता येईना. गाडीत एसी लावलेला असूनही तारामतीबाईंचा पदर पुन्हा भिजू लागला. त्यांनी बॅग छातीशी धरली. तार्नाक्याला लॉरी डावीकडे वळली, यांची गाडी सरळ निघाली, आणि थोड्याच वेळात सगळं थांबलं.

स्वयंपाकघरात ओटा पुसताना त्यांचा हात एकदम थबकला.

"रितेश," त्यांनी हाक मारली. "ती लॉरी कोणाची होती?"

सकाळ होताच त्या खाजासमोर उभ्या होत्या.

"इमली? इमली तो कल शामकुच गयी अम्मा. इमली रुकती नहीं. कसाई लोगां लेजाते. गोल गोल काट के उसपे गोश्त मारते. दुसरी लकडी का चूरा निकलता, इमली का नहीं निकलता." त्यांचा चेहरा बघून तो थांबला. "क्या हुआ अम्मा? आपको होना था? एक फोन करतूं, ठैरो."

त्याने फोन केला. लाकूड रातोरात गोल कापून निघून गेलं होतं. कुठे, ते वखारवाल्याला नीट सांगता येईना. शहरभर.

मग तारामतीबाई चालू लागल्या. रोज सकाळी, भाजीची पिशवी घेऊन. विद्यानगर, नल्लाकुंटा, चिक्कडपल्ली, नारायणगुडा. मटणाच्या दुकानापुढे थांबायचं, रांगेत उभं राहायचं, काहीच नाही झालं की निघायचं. हणमंतराव चार पावलं मागून यायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही, कुठे चाललो आहोत. घरी येऊन ते निमूटपणे चहा करायचे, आणि साखर विसरायचे, आणि दोघं तो तसाच प्यायचे.

ती त्यांना शेवटी घराजवळच सापडली. काचीगुड्याकडे उतरणाऱ्या गल्लीत कदीरभाईचं दुकान आहे. इतकी वर्षं रविवारचं मटण तिथूनच यायचं. पायरीशी पोचायच्या आतच तारामतीबाईंनी पदर ओढून घेतला आणि हणमंतरावांचा दंड धरला. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण रस्त्यात दंड धरण्याची ही पहिली वेळ.

"नवा ठोकळा?" त्यांनी विचारलं.

"हौ अम्मा, इमलीका. एकदम पक्का."

"मला दे."

कदीरभाई सुरी हातात धरून हसला. "गोश्त लेव ना अम्मा. लकडी का क्या सालन बनाते?"

पण त्याने दिला. चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि बाई रडत होती. हणमंतरावांनी अंगावरची शाल काढली, ठोकळा तिच्यात गुंडाळला आणि छातीशी धरून उचलला. जड होता. ते वाकून, पाय जपून टाकत, घरापर्यंत आले. वाटेत हमाल म्हणाला, मला द्या. त्यांनी मान हलवली. दारात आल्यावर तारामतीबाईंनी पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते, पण ते काय म्हणत होते ते त्यांनी विचारलं नाही.

"आई, हे बेडरूममध्ये? बुचरचा ब्लॉक? सीरियसली?"

"आवाज कमी कर," तारामतीबाई म्हणाल्या.

त्या काय करत होत्या ते त्या दोघांपलीकडे कोणाला कळलं नाही. दुपारी दार लावून घ्यायच्या. सुरीच्या आडव्या-तिडव्या खुणांनी ठोकळ्याचा वरचा भाग भरून गेला होता. त्या खुणांवर त्या पदराआड भिजवलेला कापसाचा बोळा फिरवायच्या. आठवड्याभरात बारीक खुणा गेल्या. मग खोलही भरून आल्या. एके दिवशी हणमंतरावांनी त्यावर तळवा ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. लाकूड गुळगुळीत होतं, बाळाच्या टाळूसारखं, आणि मधोमध किंचित मऊ.

तारामतीबाईंना कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागू लागली.

महिन्याने त्या कदीरभाईकडे मटण घ्यायला गेल्या. त्याने दुसरा ठोकळा आणला होता, साधा. मापात थोडं जास्त टाकत तो म्हणाला, "अच्छा हुआ अम्मा, तुमने वो लेके गये. उसी झाड के बाकी लोगां बहुत परेशान हैं."

"बाकी?"

"उसी इमली के ना. दस-बारा निकले होंगे. एक मलकपेट में है, एक टोलीचौकी, एक उधर पुरानापूल. सबके फट रहे. उपर से नीचे तक दरार. इमली कभी फटती नहीं." त्याने पुडी बांधली. "सूख गये बोलते."

तारामतीबाईंनी पुडी घेतली नाही. त्यांचा हात कठड्यावर तसाच राहिला.

"टोलीचौकीवाला मेरा साडू है," कदीरभाई सांगत होता. "वो बोला, दरार में पानी डालके देखा. एक लोटा डाला, पी गयी. बकेट डाला, वो भी पी गयी. जमीन पे एक बूंद नहीं. अभी रोज डालता. दुकान खोलने को सुबह जाता ना, तो बोला, दरार और थोडी खुली रहती."

त्याने सुरी पुसली.

"और उसके दुकान की तरफ नहीं, अम्मा. इस तरफ. बरकतपुरे की तरफ मूं करके."